हम्फ्री डेव्ही : गॅस डिटेक्टरच्या आत बसलेला दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस



नागपूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना संत्री, सावजी रस्सा आणि मे महिन्यातलं ऊन आठवतं. पण ज्वलनशील वायूपासून माणसं वाचवण्याचं देशातलं बरंच काम याच शहरातून चालतं, हे फार जणांना माहीत नसतं. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम १८९८ पासून पाहणारी सरकारी संस्था, म्हणजे आजची पेसो, तिचं मुख्यालय नागपुरात आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथेच, खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या पश्चिम विभागाचं कार्यालय इथेच आणि नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजही इथेच.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. गॅस डिटेक्टरकडून येणारे आकडे स्क्रीनवर नीट दाखवणं हा माझ्या कामाचा एक भाग. स्क्रीनवर बहुतेक वेळा एकच आकडा दिसतो : शून्य. हे शून्य खरं आहे का, असा प्रश्न पडला म्हणून मी डिटेक्टरच्या आत काय असतं ते वाचायला घेतलं. वाचता वाचता पोचलो १८१५ सालात, एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञापाशी. त्याचं नाव सर हम्फ्री डेव्ही. आज त्याची गोष्ट सांगतो, कारण भिंतीवरचा डिटेक्टर बसवायचा कसा आणि सांभाळायचा कसा, हे त्याच्या आयुष्यातून फार छान समजतं.

वायू हुंगणारा पोरगा

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते १७९४ मध्ये गेले आणि घरावर कर्ज राहिलं. थोरल्या मुलाला गावातल्या एका सर्जनकडे शिकाऊ म्हणून ठेवलं. औषधं कुटता कुटता पोरगा रसायनशास्त्र स्वतःच शिकला.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याला ब्रिस्टलला नोकरी मिळाली. डॉ. थॉमस बेडोज यांनी तिथे एक संस्था काढली होती. वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तिथे तपासायचं होतं. त्या काळात वायू मोजायचं यंत्र नव्हतं, त्यामुळे डेव्हीने स्वतःलाच यंत्र केलं. त्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, स्वतः हुंगून त्याचे परिणाम लिहून ठेवले. कार्बन मोनॉक्साइड असलेला वायूही त्याने छातीत भरून घेतला आणि त्यात जवळजवळ गेलाच होता. १८०० मध्ये त्याने या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला नायट्रस ऑक्साइड उपयोगी पडेल, असं त्यात सुचवलं होतं. डॉक्टरांनी ते मनावर घ्यायला पुढची चाळीसेक वर्षं लागली.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेला. त्याची व्याख्यानं ऐकायला गर्दी लोटायची. १८०७ मध्ये त्याने विजेच्या बॅटरीने वितळलेल्या क्षारांतून पोटॅशियम आणि सोडियम वेगळे काढले. पुढच्याच वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम मिळवले. १८१२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी नायट्रोजन ट्रायक्लोराइड या भयंकर स्फोटक पदार्थाने त्याच्या डोळ्याला इजा झाली. या सुमारास त्याच्याकडे एक तरुण मदतनीस आला, मायकेल फॅरेडे. होय, तोच फॅरेडे, ज्याचे नियम आपण अकरावी-बारावीत पाठ केले.

फेलिंगची खाण

२५ मे १८१२. इंग्लंडच्या ईशान्येला फेलिंग नावाच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ९२ जण मेले. त्यात लहान मुलंही होती, कारण त्या काळी पोरंसोरंही खाणीत कामाला असत.

कारण सगळ्यांना माहीत होतं. कोळशाच्या थरात मिथेन अडकलेला असतो. खाणकामगार त्याला फायरडँप म्हणत. कोळसा फोडला की तो बाहेर येतो. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगी पुरते. आणि खाणीत उजेडासाठी होत्या मेणबत्त्या! म्हणजे धोकाही आगीचा आणि उजेडही आगीचा.

स्फोट थांबवण्यासाठी तिथल्या लोकांनी संस्था काढली आणि शेवटी डेव्हीला साकडं घातलं. ऑगस्ट १८१५ मध्ये तो स्वतः कोळसापट्ट्यात गेला, खाणींच्या व्यवस्थापकांशी बोलला. मग खाणीतला वायू बाटल्यांत भरून लंडनला पाठवला गेला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रयोगशाळेत बनवलेल्या वायूवर तो थांबला नाही, खऱ्या जागेवरचा वायू त्याने मागवला.

पहिला शोध : अरुंद फट

डेव्हीने तपासलं की फायरडँप आणि हवेचं मिश्रण अरुंद धातूच्या नळीच्या एका टोकाला पेटवलं तर ज्योत दुसऱ्या टोकाला पोचते का. नळी पुरेशी अरुंद असेल तर ज्योत मध्येच विझते. कारण सोपं आहे. जळण्यासाठी उष्णता लागते आणि थंड धातू ती उष्णता शोषून घेतो. फट जितकी अरुंद आणि लांब, तितकी ज्योत लवकर थंड.

९ नोव्हेंबर १८१५ रोजी त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

आज रिफायनरीत किंवा एलपीजी प्लांटमध्ये जे जाडजूड फ्लेमप्रूफ बॉक्स दिसतात, ते याच तत्त्वावर चालतात. तो बॉक्स हवाबंद नसतो बरं का. आत गॅस शिरू शकतो, आत स्फोटही होऊ शकतो. पण झाकण आणि बॉक्स यांच्यामधल्या बारीक फटीतून बाहेर येईपर्यंत ज्वाळा इतकी थंड होते की बाहेरचा गॅस पेटत नाही. म्हणून झाकणाचा एक बोल्ट जरी गायब असेल, किंवा घासलेल्या पृष्ठभागावर ओरखडा पडला असेल, तरी तो बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही. फट वाढली की डेव्हीचा नियम संपला.

दुसरा शोध : जाळी

नळ्या वापरून दिवा बनवणं अवघड होतं. मग डेव्हीने विचार केला की तारेची जाळी म्हणजे तरी काय, असंख्य छोट्या नळ्याच. त्याने दिव्याच्या ज्योतीभोवती जाळीचं नळकांडं बसवलं. एका इंचात सुमारे २८ छिद्रं. हवा आत जाते, उजेड बाहेर येतो, गॅस आत शिरून जाळीच्या आत जळतो, पण ज्योत जाळी ओलांडत नाही. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्न खाणीत हा दिवा खाली उतरवून पाहिला गेला.

याच महिन्यांत जॉर्ज स्टीफन्सन, जो पुढे रेल्वे इंजिनामुळे गाजला, त्यानेही किलिंगवर्थच्या खाणीत स्वतःचा सुरक्षित दिवा बनवला होता. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेला मेकॅनिक असा दिवा बनवू शकतो, हे डेव्हीला शेवटपर्यंत पटलं नाही. दोघांच्या समर्थकांत मोठं भांडण झालं. दोघेही आपापल्या वाटेने तिथे पोचले होते, असं आज मानलं जातं. डेव्ही मोठा होता, पण मानी होता.

मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. त्याने दिव्याचं पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर गडगंज झाला असता.

दिवा की डिटेक्टर?

आता मजा बघा. हा दिवा जगातल्या सुरुवातीच्या गॅस डिटेक्टरपैकी एक ठरला.

खाणीतला जाणकार माणूस वात बारीक करायचा आणि दिवा हळूहळू छताकडे न्यायचा. मिथेन हवेपेक्षा हलका, त्यामुळे तो छतापाशी साचतो. गॅस असेल तर पिवळ्या ज्योतीवर फिक्या निळ्या रंगाची टोपी दिसायची. टोपी जितकी उंच, तितका गॅस जास्त. ऑक्सिजन कमी असेल तर ज्योत मंदावून विझायची. आपल्याकडच्या कोळसा खाणींतही गॅस तपासायला ज्योतीचे दिवे दीर्घकाळ वापरले गेले. भारतीय खाण नियमांत मिथेन १.२५ टक्के झाला की माणसं बाहेर काढायची, अशी मर्यादा आहे. नागपूरजवळ सावनेर, सिल्लेवाड्याकडे भूमिगत खाणी आहेत. तिथे खाली उतरणाऱ्या माणसासाठी हा आकडा फक्त कागदावरचा नसतो.

या दिव्यात एक गुण होता, जो मला इंजिनीअर म्हणून फार आवडतो. दिवा बिघडला, विझला, तर माणसाला लगेच कळायचं, कारण अंधार व्हायचा. बिघाड लपत नव्हता.

तिसरा शोध : तापलेली तार

दिवा सुधारताना डेव्हीने ज्योतीच्या वर प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं टांगून पाहिलं. गॅस खूप वाढला आणि ज्योत विझली, तरी तार लालबुंद चमकतच राहिली! म्हणजे ज्योत नसतानाही तारेच्या पृष्ठभागावर गॅस जळत होता. त्याने इतर धातूही तपासले. प्लॅटिनम आणि पॅलेडियम चालले, पण तांबं, चांदी, लोखंड, सोनं चाललं नाही. १८१७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. कॅटॅलिसिस हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. तो आणखी जवळपास वीस वर्षांनी आला.

आता आपल्या भिंतीवरच्या डिटेक्टरकडे या. त्यातला कॅटॅलिटिक सेन्सर, ज्याला पेलिस्टर म्हणतात, असा असतो : प्लॅटिनमच्या बारीक तारेचं वेटोळं, त्याभोवती सिरॅमिकचा मणी, मण्यावर पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचा थर. करंट देऊन मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. गॅस आला की तो मण्यावर जळतो, मणी आणखी तापतो, तारेचा रोध वाढतो. शेजारी थर न दिलेला दुसरा मणी असतो. दोघांमधला फरक व्हीटस्टन ब्रिजने मोजतात. सेन्सरच्या तोंडावर सच्छिद्र स्टीलची चकती असते, म्हणजे डेव्हीची जाळी. बाहेरचा बॉक्स फ्लेमप्रूफ असतो, म्हणजे डेव्हीची अरुंद फट. आणि आतला मणी म्हणजे डेव्हीची तार. एका डब्यात एकाच माणसाचे तिन्ही शोध!

तरीही मृत्यू का वाढले?

दिवा आला, सगळीकडे पसरला, डेव्हीचा सत्कार झाला. आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने हिशेब मांडला. डरहॅम आणि नॉर्थम्बरलँड या दोन कोळसा जिल्ह्यांत दिव्याच्या आधीच्या १८ वर्षांत ४४७ माणसं मेली होती. नंतरच्या १८ वर्षांत ५३८.

जाळीचं तत्त्व चूक नव्हतं. वापर चुकला. आधी गॅसमुळे बंद ठेवलेले भाग, आता दिवा आहे म्हणून, मालकांनी उघडले. कोळसाही जास्त निघू लागला. हवा खेळती ठेवण्यावरचा खर्च टाळला गेला. जाळी गंजायची, तिला भोक पडायचं, आणि एक भोक पुरे होतं. हवेचा जोराचा झोत आला तर ज्योत जाळीतून बाहेर ढकलली जायची. उजेड इतका मंद की कामगार जाळी काढून काम करायचे. भाव कोळशाच्या वजनावर मिळायचा, अंधारात कोळसा कमी निघतो, मग बिचारे काय करतील?

सुरक्षेचं उपकरण आलं की माणूस धोक्याच्या आणखी जवळ जातो. म्हणून उपकरण जितकं चांगलं, तितकी त्याची देखभाल जास्त महत्त्वाची. डेव्हीच्या गोष्टीतला हा भाग पाठ्यपुस्तकात नसतो.

शेवटची वर्षं

१८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. नौदलाने त्याला विचारलं की जहाजांच्या तळाला लावलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्याने खराब होतो, उपाय काय? त्याने तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजतात, तांबं वाचतं. प्रयोगशाळेत झकास चाललं. पण खऱ्या जहाजांवर दुसरंच घडलं. तांबं किंचित विरघळायचं म्हणूनच शिंपले, शेवाळ तळाला चिकटत नव्हते. तांबं वाचलं आणि तळाला जीवजंतूंचा थर चढला, जहाजं मंदावली. योजना सोडून द्यावी लागली. आज जमिनीखालच्या गॅस पाइपलाइन गंजू नयेत म्हणून हेच तत्त्व वापरतात, पण त्या वेळी डेव्हीची चेष्टा झाली.

१८२७ मध्ये आजारपणामुळे त्याने अध्यक्षपद सोडलं. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात त्याचं निधन झालं. वय अवघं पन्नास. दिव्यासाठी खाणमालकांनी त्याला चांदीची भांडी भेट दिली होती. पुढे ती विकून आलेल्या पैशातून रॉयल सोसायटीचं डेव्ही पदक सुरू झालं. १८७७ पासून ते रसायनशास्त्रातल्या मोठ्या कामासाठी दिलं जातं.

आपल्या भिंतीवरच्या डब्यासाठी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. स्क्रीनवरचं शून्य खरं कधी?

डिटेक्टर साधारण ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवतो. ४ म्हणजे गॅस नाही. वायर तुटली तर ० येतो आणि सिस्टीम फॉल्ट दाखवते. इथपर्यंत ठीक. पण पेलिस्टरच्या मण्यावरचा थर मेला असेल तर? सिलिकॉनची वाफ, शिसं, काही सल्फरयुक्त वायू यांनी तो मरतो. मग तारेतून करंट व्यवस्थित जातो, सिग्नल अगदी ४ येतो, स्क्रीनवर हिरवं शून्य दिसतं आणि डिटेक्टर आंधळा असतो. डेव्हीचा दिवा विझला की अंधार व्हायचा. पेलिस्टर मेला की काहीच होत नाही. सॉफ्टवेअर कितीही चांगलं लिहा, हा फरक त्याला कळू शकत नाही. तो कळतो फक्त डिटेक्टरला खरा गॅस दाखवून. म्हणून या गोष्टी लक्षात ठेवा :

* जागा : मिथेन, सीएनजी, पाइपचा गॅस हलका, म्हणून डिटेक्टर वर, छताजवळ. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर. सावजी भोजनालयाच्या स्वयंपाकघरात सिलिंडरच्या रांगेसाठी डिटेक्टर छताला लावला तर त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असेल.
* दिशा : सेन्सरचं तोंड खाली, म्हणजे पाणी आणि धूळ साचत नाही. भिंत रंगवताना चकतीवर रंगाचा एक हातही बसता कामा नये, छिद्रं बुजतात. रंगकामात झाकलं असेल तर काम संपताच झाकण काढा.
* बॉक्स : पॉवर बंद करून आणि परवानगी घेऊनच उघडा. सगळे बोल्ट परत बसवा. फटीत सिलिकॉन सीलंट किंवा गॅस्केट स्वतःच्या मनाने घालू नका. केबल ग्लँडही फ्लेमप्रूफच हवा. उपकरणावर पेसोची मंजुरी आहे का, ते पाहा.
* बंप टेस्ट : सिलिंडरमधला माहीत असलेला गॅस सेन्सरवर सोडा. अलार्म वाजला तर डिटेक्टर जिवंत. हातात धरायचा असेल तर रोज वापरण्याआधी. भिंतीवरचा असेल तर उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं.
* कॅलिब्रेशन : साधारण तीन ते सहा महिन्यांनी, मॅन्युअलप्रमाणे. जो गॅस पकडायचा त्याच गॅसने. मिथेन ५ टक्क्यांना पेट घेऊ लागतो, एलपीजी दोन टक्क्यांच्या आतच. मिथेनवर सेट केलेला डिटेक्टर एलपीजीचा आकडा बरोबर दाखवत नाही.
* अलार्म : टेस्टच्या वेळी कंट्रोल रूमला सांगून अलार्म थोडा वेळ रोखतात. टेस्ट संपली की तो परत चालू केला की नाही, हे दुसऱ्या माणसाने तपासून सही करावी.
* खूप जास्त गॅस : गॅस इतका वाढला की ऑक्सिजन कमी पडला, तर मण्यावर जळणंच थांबतं आणि आकडा खाली येतो. आकडा झपाट्याने चढून अचानक उतरला तर गॅस गेला असं समजू नका. तसाच बाहेर पडा.

इन्फ्रारेड प्रकारच्या डिटेक्टरला बिघाड स्वतःच कळण्याची सोय जास्त असते आणि सिलिकॉनने तो मरत नाही. पण तो महाग असतो आणि हायड्रोजन त्याला दिसत नाही. त्यामुळे पेलिस्टर अजून बराच काळ आपल्या भिंतींवर राहणार आहे.

तुमच्या कारखान्यात, हॉटेलात, सोसायटीच्या गॅस बँकेत डिटेक्टर असेल तर आज एक काम करा. आकडा किती आहे ते विचारू नका, तो शून्यच असेल. या डिटेक्टरला शेवटचा खरा गॅस कोणत्या तारखेला दाखवला, ते विचारा. तारीख सांगता आली नाही, तर तो डबा अजून बसवायचाच राहिलाय असं धरा.